अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी आल्यावर काय पाहावे, कधी तपासावे

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळ. अशा बाळाने काचपेटीत किंवा व्हेंटिलेटरवर काढलेले दिवस संपतात, वजन वाढू लागते, डॉक्टर घरी न्यायला परवानगी देतात आणि घरच्यांना वाटते की संकट टळले. ते बऱ्याच अंशी खरेही असते. मात्र लवकर जन्म झाल्यामुळे डोळे, कान, फुप्फुसे, मेंदू आणि रक्त यांवर होणारे परिणाम पुष्कळदा घरी आल्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत दिसू लागतात. त्यांतील बहुतेकांच्या तपासणीला ठरलेली मुदत असते. ती पाळली तर उपाय सोपा असतो, आणि ती हुकली तर तोच उपाय अवघड किंवा अशक्य होतो. म्हणूनच ‘मोठे झाले की आपोआप भरून निघेल’ हा घरोघरी दिला जाणारा दिलासा तपासण्या झाल्यानंतरच मनावर घ्यावा.

‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत आजही ऐकू येते. तिला कोणताही आधार नाही. आईच्या पोटात गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पथ्यावर पडतो, आणि ३५ आठवड्यांच्या बाळाला ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा धोका कमीच असतो. तरीही ३५ आठवड्यांचे बाळ ‘जवळपास पूर्ण दिवसांचे’ समजून दुर्लक्षित ठेवणे बरोबर नाही. दूध नीट न ओढणे, कावीळ वाढणे आणि साखर उतरणे हे प्रकार त्याच्यातही पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा अधिक आढळतात.

कागद आणि तारखा

घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर पुढील गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत का, हे डॉक्टरांसमोर बसून वाचून घ्यावे: जन्म किती आठवड्यांचा, जन्माचे वजन, प्राणवायू आणि व्हेंटिलेटर किती दिवस लागला, रक्त चढवले का, मेंदूची सोनोग्राफी झाली का आणि तिच्यात काय दिसले, थायरॉइडची तपासणी झाली का, डोळ्यांची आणि कानांची तपासणी झाली का, नसल्यास तिची तारीख कोणती. कार्डाच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र आई आणि वडील दोघांच्याही फोनमध्ये असावे. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. बाळ दोन-तीन महिन्यांनी सासरी जाते, फाइल माहेरच्या कपाटात राहते, आणि ज्या गावात तपासण्या सुरू होत्या ते गावच सुटते. गाव बदलणार असेल तर पुढची तपासणी कोणत्या शहरात, कोणाकडे होणार हे निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे. माझ्या मते या एका कारणाने जितक्या तपासण्या बुडतात, तितक्या पैशांच्या अडचणीनेही बुडत नसतील.

त्यानंतर बाळाची दोन वये मोजायला शिकावे. एक जन्मतारखेपासूनचे, आणि दुसरे सुधारित वय, म्हणजे बाळ जितके आठवडे लवकर आले तितके वजा करून उरलेले. समजा, बाळ ३० आठवड्यांचे असताना ५ मार्चला जन्मले. ४० आठवडे धरले तर ते १० आठवडे लवकर आले, म्हणजे त्याची खरी अपेक्षित तारीख १४ मे होती. ५ सप्टेंबरला हे बाळ कागदावर सहा महिन्यांचे होईल, पण त्याचे सुधारित वय जेमतेम चार महिन्यांच्या आत असेल. त्या दिवशी ते आधाराविना बसत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, बोलणे, तसेच वजन-उंचीचा आलेख यांसाठी दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरावे.

लसीकरणाला मात्र हा हिशेब लागू होत नाही, आणि गोंधळ नेमका येथेच होतो. बाळाची प्रकृती स्थिर असेल तर लसी जन्मतारखेनुसार आणि पूर्ण मात्रेतच द्यायच्या असतात. वरच्या उदाहरणातील बाळाची ६ आठवड्यांची लस १६ एप्रिलला येते, आणि १० आठवड्यांची लस १४ मे रोजी, म्हणजे ज्या दिवशी ते मुळात जन्माला यायचे होते त्याच दिवशी. ‘अजून लहान आहे, थोडे अंग धरू दे’ म्हणून लस पुढे ढकलू नये. डांग्या खोकला आणि न्यूमोनिया यांचा सर्वाधिक धोका याच बाळांना असतो. एकच अपवाद लक्षात ठेवावा: जन्मवजन २ किलोपेक्षा कमी असेल आणि आईला हिपॅटायटिस-बी नसेल, तर त्या लसीची जन्माच्या वेळची मात्रा डॉक्टर काही दिवस लांबवू शकतात. घरातील मोठ्यांनी फ्लूची लस घेतली तर बाळाभोवती आपोआप एक संरक्षण तयार होते.

डोळे: तीस दिवसांची मुदत

सर्व तपासण्यांत एकच निवडायची वेळ आली, तर मी डोळ्यांची निवडेन. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावरील, म्हणजे दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यापासून कडेकडे वाढू लागतात आणि चाळिसाव्या आठवड्याच्या आसपास कडेपर्यंत पोहोचतात. बाळ लवकर जन्मले की ही वाढ वाटेतच थबकते. काही आठवड्यांनी रक्त न मिळालेला पडद्याचा भाग नव्या वाहिन्यांची मागणी करू लागतो, आणि घाईने उगवलेल्या या वाहिन्या नाजूक, वेड्यावाकड्या असतात. त्यांतून रक्त पाझरते, व्रण तयार होतात, आणि ते आकसताना पडद्याला ओढून सोडवतात. यालाच आरओपी म्हणतात. यात बाळ रडत नाही, डोळे लाल होत नाहीत, पाणी येत नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसू लागते तोपर्यंत फार उशीर झालेला असतो.

भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी जन्मवजनाच्या प्रत्येक बाळाची ही तपासणी झाली पाहिजे. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला बराच काळ प्राणवायू लागला असेल किंवा गंभीर जंतुसंसर्ग झाला असेल, तर त्याचीही करावी. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी. २८ आठवड्यांपूर्वीचे किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. ५ मार्चच्या आपल्या बाळासाठी ही शेवटची तारीख ४ एप्रिल ठरते, मग त्या दिवशी ते घरी असो वा रुग्णालयात.

तपासणीपूर्वी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि पापण्या उघड्या ठेवणारे छोटे साधन लावतात. बाळ रडते, आईला ते पाहवत नाही. पण हे काही मिनिटांत आटोपते आणि नंतर डोळ्यांवर दिसणारी लाली उतरते. तपासणीच्या आधीचा तासभर दूध देऊ नये, म्हणजे उलटी होणार नाही. डॉक्टर ‘आज ठीक आहे’ म्हणाले तर तपासणी संपली असे मुळीच समजू नये. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पूर्ण वाढल्या आहेत असे कागदावर लिहून मिळेपर्यंत एक-दोन आठवड्यांनी पुन्हा जावे लागते. उपचार लागलाच तर लेसरने किंवा डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनने करतात, आणि तो ठरल्यापासून दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. लग्नकार्य किंवा बारसे उरकून जाऊ, असे म्हणण्याइतकी सवड त्यात नसते. आरओपी न झालेल्या मुलांनाही पुढे चष्मा लागण्याची आणि तिरळेपणाची शक्यता जास्त असते, म्हणून वर्षाच्या सुमारास आणि शाळेत जाण्यापूर्वी डोळे पुन्हा दाखवावेत.

कानांसाठी तीन आकडे पुरतात: पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय. नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळासाठी केवळ ओएई ही प्राथमिक चाचणी पुरेशी नसते. श्रवणाच्या मज्जातंतूची तपासणी करणारी बेरा चाचणीही करून घ्यावी. टाळी वाजवल्यावर बाळ दचकते, एवढ्यावर समाधान मानू नये.

ऊब

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेखाली चरबी नसल्यासारखीच असते आणि शरीराच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, त्यामुळे ते पाहता पाहता गार पडते. गार पडलेले बाळ दूध ओढत नाही, त्याची साखर उतरते, आणि वजन वाढवण्यासाठी असलेली शक्ती ऊब टिकवण्यातच खर्ची पडते. दर काही तासांनी हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचे पोट आणि मग तळपाय चाचपावेत. दोन्ही उबदार असतील तर सर्व ठीक आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधू लागली आहे. लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार लागले तर बाळाला छातीशी धरून, झाकून, तसेच रुग्णालयात न्यावे. थर्मामीटर असेल तर काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या मध्ये असावे.

ऊब देण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा ती सुरू केली, आणि आज जागतिक आरोग्य संघटना ती दिवसाकाठी ८ ते २४ तास द्यावी असे सांगते. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे घालावेत. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये, उभे ठेवावे. डोके एका कुशीवर वळलेले, मान किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले असावेत. मग मऊ सुती साडीच्या पट्ट्याने बाळाला आपल्याशी बांधून वरून झबल्याचा किंवा शालीचा आडोसा करावा. बाळाचे नाक आणि चेहरा सतत दिसला पाहिजे. एका वेळी निदान तासभर तरी ठेवावे. आई थकली तर वडिलांनी, आजीने किंवा मावशीने घ्यावे. निरोगी माणसाच्या छातीची ऊब बाळाला तेवढीच लागू पडते. बाळ अडीच किलोच्या आसपास गेले आणि स्वतःच चुळबुळ करून बाहेर येऊ पाहू लागले, की ही गरज सरत आली असे समजावे.

पायांवर घेऊन कढत पाण्याने न्हाऊ-माखू घालणे, टाळू भरणे, नाका-कानांत तेल सोडणे हे या बाळासाठी नाही. वजन दोन ते अडीच किलो होईपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसणे पुरेसे आहे. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही, पण जोर लावून रगडणारी मालिशवाली बाई नको. शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून दिली जाणारी धुरी तर कटाक्षाने टाळावी, कारण या बाळाची फुप्फुसे पूर्ण तयार झालेली नसतात आणि काहींना प्राणवायूवर राहिल्यामुळे आधीच इजा झालेली असते. चुलीचा, विडी-सिगारेटचा, उदबत्तीचा आणि डास पळवणाऱ्या कॉइलचा धूर या सर्वांना हाच नियम लागू आहे. आजीला हे सांगताना तिच्या अनुभवाचा अनादर होणार नाही असे सांगावे. तिने वाढवलेली मुले पूर्ण दिवसांची होती, हे तिला पटते.

दूध, लोह आणि थेंब

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिने अधिक असतात, आणि आतड्यांना होणाऱ्या एका भयंकर दाहापासून हेच दूध सर्वाधिक संरक्षण देते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांनंतर बसतो. त्याआधी आणि त्यानंतरही काही दिवस दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे लागते. बोंडल्याची चोच खालच्या ओठाच्या कडेला टेकवून थोडे थोडे सोडावे आणि आधीचा घोट गिळला गेल्यावरच पुढचा द्यावा. बाटली टाळावी. आईने चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, रात्रीही, दूध काढले तरच ते टिकते. काढलेले दूध उन्हाळ्यात चार तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये ते एक दिवस राहते. स्वतःचे दूध अपुरे पडत असेल तर मातृदुग्धपेढीची चौकशी करावी. १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली अशी पेढी सुरू केली, आणि आता अनेक मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. मध, बाळगुटी, साखरेचे पाणी आणि जायफळाचा वळसा यांतले काहीही चाटवू नये.

बाळाला आईकडून मिळणारे लोह मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळते. तोच काळ हुकल्यामुळे या बाळांच्या अंगात रक्त कमी पडते, म्हणून दोन ते चार आठवड्यांच्या वयापासून डॉक्टर लोहाचे थेंब सुरू करतात. मात्रा वजनावर ठरते. बाळ दीड किलोचे असताना लिहिलेली मात्रा ते तीन किलोचे झाल्यावर निम्मीच पडते. म्हणून प्रत्येक भेटीत ‘लोहाचे थेंब वाढवायचे का?’ हे स्वतः विचारावे. शी काळपट झाली तर घाबरू नये. ड जीवनसत्त्वाच्या थेंबांबाबत मात्र एक सावधगिरी हवी: एका कंपनीच्या एक मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, तर दुसरीच्या तेवढ्याच थेंबांत ८००. दुकानदाराने वेगळी बाटली दिली तर आधीच्या मापाने न देता लेबल वाचून डॉक्टरांना विचारावे.

घरी आल्यानंतर वजन दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅमने वाढावे. ते आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर आणि कपड्यांविना करावे. रोज वजन करून जिवाला घोर लावून घेण्यात अर्थ नाही. आशाताई घरी येतात तेव्हा हे वजन त्यांच्याकडून करून घ्यावे आणि त्यांच्यासमोर शंका मोकळेपणाने विचाराव्यात. जन्मापासून ४२ दिवसांपर्यंतच्या या गृहभेटींमागे महाराष्ट्रातलेच काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांमार्फत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या भेटीला केवळ औपचारिकता न समजता उपचाराइतकेच महत्त्व द्यावे.

श्वास आणि धोक्याच्या खुणा

या बाळांच्या श्वासात पाच-दहा सेकंदांचे छोटे खंड पडणे नेहमीचे आहे, म्हणून श्वास मोजताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास पुन्हा मोजल्यावरही भरले, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, श्वास २० सेकंद थांबला, किंवा ओठ आणि जीभ निळसर झाली तर वाट पाहू नये. दूध घेणे एकाएकी सोडणे, अंग ढिले पडणे, आकडी, हिरवी उलटी, फुगलेले पोट, शीतून रक्त, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ आणि ३७.५ च्या वर ताप या खुणा दिसल्या तर रात्री दोन वाजताही निघावे आणि १०८ ला फोन करावा. शासकीय रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. जांघेत रडताना वर येणारी गाठ, म्हणजे हर्निया, या बाळांत, विशेषतः मुलग्यांत, बऱ्याचदा आढळते. ती लवकर दाखवावी, आणि गाठ कडक होऊन आत जाईनाशी झाली तर त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीविना झोपवावे. झोळीत मान पुढे दुमडते आणि अरुंद श्वासनलिका आणखी दबते, म्हणून पहिले काही महिने झोळी नको.

वाढ, शाळा आणि पुढचे आयुष्य

सुधारित वयाच्या तीन महिन्यांनंतरही मुठी सतत घट्ट आवळलेल्या राहणे, लंगोट बदलताना मांड्या ताठ लागणे आणि विलग न होणे, उभे धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणे, किंवा वर्षाच्या आतच बाळाने एकाच हाताचा वापर करणे हे मेंदूला झालेल्या इजेचे संकेत असू शकतात. तोच हात त्याचा ‘उजवा’ असेल म्हणून कौतुक करू नये. एवढ्या लवकर हात ठरत नाही, दुसरा हात दुबळा असतो. भौतिकोपचार (फिजिओथेरपी) निदान पक्के होण्याची वाट न पाहता सुरू करता येतात आणि लवकर सुरू केलेलेच जास्त फळतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. ही केंद्रे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहेत. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. वॉकर मात्र विकत आणू नये, त्याने चालणे लवकर येत नाही.

बहुसंख्य मुले चालू-बोलू लागतात, बालवाडीत जातात, आणि मग पाठपुरावा बंद होतो. येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील दीर्घ अभ्यास डोळ्यांसमोर ठेवावा. १९८७ ते १९८९ या काळात तेथील नवजात विभागातून घरी गेलेल्या, २ किलोपेक्षा कमी जन्मवजनाच्या बाळांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत घेतला. या मुलांची बुद्धिमत्ता गटाच्या सरासरीने सामान्य मर्यादेत होती, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी होती; बाराव्या वर्षी वाचन, गणित आणि डोळे-हात यांचा मेळ यांत अडचणी दिसल्या, आणि अपुऱ्या दिवसांची असून त्या मानानेही कमी वजनाची असलेली मुले सर्वांत मागे होती. म्हणून दुसरी-तिसरीतल्या मुलाचे अक्षर बिघडले, फळ्यावरचे वहीत उतरवता आले नाही किंवा वजाबाकी अडू लागली, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी त्याचा जन्म किती आठवड्यांचा होता हे शिक्षकांना सांगावे आणि अध्ययनक्षमतेची तपासणी करावी. पहिलीच्या प्रवेशाच्या वयोमर्यादेत मूल जेमतेम काही दिवसांच्या फरकाने बसत असेल, तर घाई न करता एक वर्ष थांबण्याचा विचार नक्की करावा.

मूत्रपिंडातील गाळण्या सुमारे ३६ आठवड्यांपर्यंत तयार होतात. लवकर जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला त्या कमी येतात आणि त्या आयुष्यभर कमीच राहतात. तरुणपणी रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोका या व्यक्तींत काहीसा जास्त असतो, त्यामुळे बारीक बाळाला गुटगुटीत करण्यासाठी तूप-साखरेचा मारा करू नये. निरोगी मुलांचा रक्तदाब वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी मोजावा असे सांगतात. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाचा तो त्याआधीपासूनच, लहान मापाचा पट्टा वापरून, मोजून घ्यावा. मूल मोठे होऊन स्वतः डॉक्टरांकडे जाऊ लागले, की जन्म किती आठवड्यांचा आणि किती वजनाचा होता हे दोन आकडे त्याला पाठ असावेत, आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत त्याच्याकडे सोपवावी.